बंद कॉम्प्युटर लांबून चालू करायचा: वेक-ऑन-लॅन, भिंतीतल्या प्लगपासून इंटरनेटपर्यंत

टॅली ऑफिसातल्या डेस्कटॉपवर आणि तुम्ही घरी; किंवा फोटो, ड्रॉइंग, जुने हिशेब सगळं घरच्या डेस्कटॉपवर आणि तुम्ही गावाला. लांबून स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर हल्ली सगळ्यांकडे असतं, पण ते चालतं कॉम्प्युटर चालू असेल तरच. म्हणून बरेच जण तो रात्रंदिवस चालूच ठेवतात. नुसता बसून असलेला डेस्कटॉप ६० वॉट खातो असं धरा, महिन्याचे ४३ युनिट झाले. शिवाय धूळ, उष्णता आणि पंख्याची घरघर वेगळी.

यावरचा इलाज मदरबोर्डात आधीपासून बसवलेला असतो. त्याचं नाव वेक-ऑन-लॅन. मी तो घरी आणि एका छोट्या अकाउंटच्या ऑफिसात बसवला आहे. माहिती शोधायला गेलात तर दहा ठिकाणी दहा वेगवेगळ्या सेटिंग्ज सांगितलेल्या सापडतात आणि माणूस गोंधळतो. मुळात गोष्ट एकच आहे: कॉम्प्युटर बंद असतानाही नेटवर्क कार्डाला थोडीशी वीज मिळत राहिली पाहिजे. ती वाटेत कोण तोडतंय ते एकेक करून शोधायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका. 'बाहेरून चालत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचं घरातूनच चालत नसतं, फक्त त्यांनी ते तपासलेलं नसतं.

आत नेमकं काय होतं

डेस्कटॉप शटडाऊन केला तरी मागची वायर प्लगमध्ये असेपर्यंत तो पुरता बंद नसतो. पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक वेगळी लाइन (कॅबिनेट उघडलंत तर जांभळी वायर) मदरबोर्डला कायम मिळत असते. पुढचं बटण दाबल्यावर कॉम्प्युटर उठतो तोही तिच्याच जोरावर. याच विजेवर नेटवर्क कार्ड अर्धवट जागं राहतं आणि वायरवरून येणाऱ्या पॅकेटांत (माहितीच्या छोट्या तुकड्यांत) एक ठरावीक क्रम शोधत बसतं: आधी सहा बाइट नुसते 'एफएफ', मग त्या कार्डाचा स्वतःचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) लागोपाठ १६ वेळा. ६ अधिक ९६, एकूण १०२ बाइट. हा क्रम सापडला की कार्ड मदरबोर्डला इशारा देतं आणि कॉम्प्युटर चालू होतो. या १०२ बाइटांना मॅजिक पॅकेट म्हणतात. ही कल्पना एएमडीने १९९०च्या दशकाच्या मध्यात पुढे आणली आणि आज साध्यातल्या साध्या मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टलाही ती येते.

यातून तीन गोष्टी निघतात, त्या डोक्यात असू द्या. झोपलेल्या कॉम्प्युटरला आयपी ॲड्रेस नसतो म्हटलं तरी चालेल, म्हणून हे पॅकेट नेटवर्कवरच्या सगळ्यांना मिळून पाठवायचं असतं. कार्ड 'मिळालं' असं उत्तर देत नाही, त्यामुळे ॲपवर 'सेंट' दिसलं म्हणजे पोचलं असं समजू नका. आणि नेहमीच्या मॅजिक पॅकेटात पासवर्ड नसतो. तुमच्या घरच्या नेटवर्कवर असलेला कोणीही ते पाठवू शकतो. त्याने कॉम्प्युटर फक्त चालू होईल, लॉगिनचा पासवर्ड लागेलच.

काय काय हाताशी ठेवायचं

- लॅनच्या वायरने राउटरला जोडलेला डेस्कटॉप. वायफायवरूनही जागं करता येतं, पण बहुधा फक्त स्लीपमधून, आणि तेही कार्ड, ड्रायव्हर, राउटर तिघांनी साथ दिली तर. पहिल्यांदा करताय तर वायरच घ्या. लॅपटॉपवर आणि यूएसबीला लावायच्या लॅन ॲडॉप्टरवर हा खेळ फार बेभरवशाचा आहे.
- कीबोर्ड आणि मॉनिटर, निदान बसवताना. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, लांबून जाता येत नाही.
- त्याच राउटरच्या वायफायवर असलेला मोबाइल आणि त्यावर एखादं वेक-ऑन-लॅन ॲप. फुकट आणि साधी ॲप्स भरपूर आहेत. लोकेशन किंवा कॉन्टॅक्ट मागणारं घेऊ नका.
- राउटरचं ॲडमिन नाव आणि पासवर्ड. केबलवाल्याने बसवला असेल तर त्याच्याकडून आधीच मागून घ्या, ऐन वेळी तो फोन उचलत नाही.
- बाहेरून चालू करायचं असेल तर घरात कायम चालू राहील असं एक छोटं यंत्र. त्याबद्दल सातव्या पायरीत.

ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर या यादीत आणखी एक: सिस्टिम बघणाऱ्या माणसाची परवानगी. तिथे मजले आणि विभाग वेगवेगळ्या नेटवर्कांत टाकलेले असतात, आणि एका नेटवर्कातलं 'सगळ्यांना' पाठवलेलं पॅकेट दुसऱ्यात जात नाही. राउटरनी असं बाहेरून आलेलं पॅकेट मुळातच अडवावं असा दंडक १९९९ पासून आहे, त्यामुळे तिथे तुमच्या एकट्याच्या खटपटीने काही होणार नाही.

पायरी १: खटका

हसू नका. आपल्याकडच्या प्रत्येक सॉकेटला खटका असतो, आणि काम झालं की खटका बंद करायचा हे आपल्या हातांना लागलेलं वळण आहे. कॉम्प्युटर टेबलाचा एक्स्टेन्शन बोर्ड रात्री बंद होतो, सकाळी झाडताना बंद होतो, पावसाळ्यात वीज कडाडली की तर होतोच. खटका गेला की ती ५ व्होल्टची लाइन गेली, आणि पुढची एकही पायरी कामाची नाही.

माझ्याकडे हे आईशी बोलून सोडवावं लागलं. तिचं म्हणणं साधं होतं, "अरे, स्क्रीन काळी होती, मग बंदच होतं ना ते?" मॉनिटर आणि स्पीकर एका बोर्डावर, सीपीयू आणि राउटर दुसऱ्यावर, आणि दुसऱ्याच्या खटक्यावर चिकटपट्टी. मॉनिटरचा खटका खुशाल बंद होऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. पॉवर सप्लायच्या मागे स्वतःचा एक छोटा खटका असतो, तोही चालू बाजूला आहे ना ते बघा.

विजांचा कडकडाट असेल तेव्हा मात्र घरच्यांचंच बरोबर असतं. तेव्हा प्लग आणि लॅनची वायर, दोन्ही काढलेली बरी.

पायरी २: बायोस

कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा (काही ब्रँडेड मशिनवर एफ-१० किंवा एफ-१), बायोस उघडेल. 'वेक ऑन लॅन' हे नाव सरळ मिळालं तर तुमचं नशीब. प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय:

- असूस: 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'एपीएम कॉन्फिगरेशन', त्यात 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई'.
- एमएसआय: 'वेक अप इव्हेंट सेटअप' मध्ये 'रिझ्यूम बाय पीसीआय-ई डिव्हाइस'.
- ॲसरॉक: 'एसीपीआय कॉन्फिगरेशन' मध्ये 'पीसीआयई डिव्हाइसेस पॉवर ऑन'.
- डेल: 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये 'वेक ऑन लॅन', तिथे 'लॅन ओन्ली' निवडा.
- एचपी आणि लेनोव्होच्या ऑफिस मशिनवर पॉवरच्या पानावर 'वेक ऑन लॅन' याच नावाने.

बायोसच्या आवृत्तीप्रमाणे नावात थोडा फरक असेल. मदरबोर्डवरच्या लॅन चिपलाही बायोस पीसीआय-ई डिव्हाइसच समजतो, त्यामुळे 'माझ्याकडे वेगळं कार्ड नाही' म्हणून ही ओळ सोडू नका.

आता याहून महत्त्वाचं. त्याच आसपास 'ईआरपी', 'ईआरपी रेडी' किंवा 'ईयूपी २०१३' अशी एक ओळ असते. ती डिसेबल पाहिजे. युरोपात विकल्या जाणाऱ्या यंत्रांनी बंद असताना अर्ध्या वॉटच्या आत राहावं असा तिथला नियम आहे, आणि तो पाळायला ही सेटिंग बंद झाल्यावर लॅन पोर्टची वीजच कापते. म्हणजे वेक-ऑन-लॅन एनेबल आणि ईआरपीही एनेबल असेल तर एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतलं. डेलमध्ये याच कामाला 'डीप स्लीप कंट्रोल' म्हणतात, तेही डिसेबल.

बायोसमध्ये आहातच तर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' ही ओळ कुठे आहे ते बघून ठेवा. नवव्या पायरीत लागेल. सेव्ह करून बाहेर पडा.

पायरी ३: विंडोज

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून इथे वेळ द्या.

पहिलं काम, फास्ट स्टार्टअप बंद करणं. २०१२च्या विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन राहिलेलं नाही; विंडोज स्वतःचा अर्धा भाग डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उठता येतं. अशा अर्धवट शटडाऊनमध्ये ते नेटवर्क कार्डाला जागं राहायची मुभा देत नाही. कंट्रोल पॅनल, 'पॉवर ऑप्शन्स', डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा. एसएसडी असेल तर उठायला लागणारा जास्तीचा वेळ जाणवणारही नाही. तिथे ही ओळच नसेल तर तुमच्याकडे हायबरनेशन (चालू काम डिस्कवर लिहून ठेवून बंद होण्याची सोय) आधीच बंद आहे; पुढे चला.

दुसरं, डिव्हाइस मॅनेजर. 'नेटवर्क ॲडॉप्टर्स' उघडा. इथे चारपाच नावं दिसतील: वायफाय, ब्लूटूथ, व्हर्च्युअल मशिनचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याची खोटी कार्डं. तुम्हाला हवं ते बहुधा 'रिअलटेक' किंवा 'इंटेल' नावाचं, ज्यात 'इथरनेट', 'जीबीई' किंवा 'गिगाबिट' असं काहीतरी आहे. त्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज'.

'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये तीन खुणा असतात. पहिली, कॉम्प्युटरला हे कार्ड बंद करू द्यायचं का. नाव वाचून ती काढावीशी वाटते, पण ती काढली की खालच्या दोन करड्या पडतात, म्हणून राहू द्या. दुसरी, या कार्डाला कॉम्प्युटर जागा करू द्यायचा का, खूण करा. तिसरी, फक्त मॅजिक पॅकेटनेच जागं करायचं का; हीही कराच, नाहीतर रात्री दोन वाजता राउटरच्या कुठल्यातरी फुटकळ पॅकेटने कॉम्प्युटर उठून बसेल.

'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये लांब यादी असते. त्यातलं 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' एनेबल. 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन' असेल तर एनेबल; रिअलटेकच्या कार्डावर पूर्ण बंद अवस्थेतून उठणं याच ओळीवर अवलंबून असतं. 'वेक ऑन पॅटर्न मॅच' डिसेबल. 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' सुरुवातीला हात न लावता ठेवा. सगळं करूनही चाललं नाही तर बंद करून बघा.

यादीत वेक नावाची एकही ओळ नाही? मग विंडोजने आपणहून टाकलेला मोजका ड्रायव्हर आहे. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर उतरवून टाका, ओळी दिसू लागतील. हेही ध्यानात असू द्या की विंडोजच्या मोठ्या अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर बसला की या खुणा पूर्वपदावर जाऊ शकतात. 'काल चालत होतं, आज नाही' झालं की पहिल्यांदा इथे या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टची हमी फक्त स्लीप आणि हायबरनेटमधून उठण्याची आहे, शटडाऊनमधून नाही. शटडाऊनमधून बहुतेक डेस्कटॉप उठतात, पण ती किमया मदरबोर्ड आणि ड्रायव्हरची. त्यामुळे सगळं करूनही तुमचा शटडाऊनमधून उठला नाही तर हट्ट धरू नका. हायबरनेट करत जा. विजेची बचत जवळपास तेवढीच.

*लिनक्स असेल तर:* 'इथटूल' नावाची कमांड आहे. तिला कार्डाचं नाव दिलं की 'वेक-ऑन' या ओळीपुढे एक इंग्रजी अक्षर दिसतं: 'डी' म्हणजे बंद, 'जी' म्हणजे मॅजिक पॅकेटवर चालू. 'जी' करता येतं, पण ते रीस्टार्ट झाल्यावर पुसलं जाऊ शकतं. कायमचं करायला नेटवर्क मॅनेजरच्या कनेक्शनमध्ये, इथरनेटच्या टॅबवर, वेक-ऑन-लॅनपुढे 'मॅजिक' निवडा. *मॅक असेल तर:* 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'एनर्जी', आणि तिथे 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस'. तो स्लीपपुरता आहे, शटडाऊन केलेल्या मॅकसाठी नाही.

पायरी ४: पत्ता लिहून घेणं

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'इथरनेट'. खाली 'फिजिकल ॲड्रेस' पुढे दोन-दोनच्या सहा जोड्या दिसतील, आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून १२. हाच मॅक ॲड्रेस. कागदावर लिहू नका, आठ आणि बी एकसारखे दिसतात. कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा.

वायफायच्या पानावरही असाच पत्ता असतो आणि घाईत तोच उचलला जातो. वायर जोडलेल्या कार्डाचाच हवा.

आता राउटरमध्ये जाऊन या मॅक ॲड्रेसला एक आयपी कायमचा राखून ठेवा. याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' म्हणतात. जागं करायला याची गरज नाही, पण जागा झाल्यावर त्याला शोधायला आहे.

पायरी ५: स्लीपमधून पहिली परीक्षा

मोबाइल त्याच वायफायवर घ्या, मोबाइल डेटा बंद करा. ॲपमध्ये मॅक ॲड्रेस टाका. 'ब्रॉडकास्ट ॲड्रेस' मागितला तर तुमच्या आयपीचे पहिले तीन आकडे तसेच ठेवून शेवटी २५५: आयपी १९२.१६८.१.२० असेल तर १९२.१६८.१.२५५. (घरगुती राउटरवर हेच लागू पडतं.) पोर्ट ९ किंवा ७, कोणताही, कार्ड पोर्ट बघतच नाही, आतला क्रम बघतं.

कॉम्प्युटर स्लीपमध्ये टाका. मिनिटभर थांबा, मग ॲपचं बटण दाबा. पाचेक सेकंदांत पंखा फिरला तर अर्धं काम झालं.

नाही फिरला तर बहुतेक वेळा कारण नेटवर्कचं असतं. पुष्कळ घरांत इंटरनेट कंपनीने दिलेला एक राउटर आणि आपण घेतलेला दुसरा अशी जोडगोळी असते. मोबाइल एकावर, डेस्कटॉपची वायर दुसऱ्यावर. मोबाइलच्या आयपीत १९२.१६८.२९ आणि डेस्कटॉपच्या आयपीत १९२.१६८.० असं काही दिसलं तर समजा ही दोन वेगळी नेटवर्कं आहेत आणि पॅकेट भिंत ओलांडत नाही. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका, दोन्ही एकत्र येतील. मोबाइल 'गेस्ट' वायफायवर असेल तरीही हेच होतं.

पायरी ६: शटडाऊनमधून

आता कॉम्प्युटर नीट शटडाऊन करा आणि कॅबिनेटच्या मागे जाऊन वाका. लॅनच्या पोर्टवर दोन बारीक दिवे असतात, हिरवा आणि नारिंगी. कॉम्प्युटर बंद झाल्यावरही त्यातला एक तरी पेटलेला किंवा लुकलुकता राहिला पाहिजे. बंद होताना दोन्ही क्षणभर विझतात आणि मग एक परत येतो. कार्ड कमी वेगावर उतरून पुन्हा जोडून घेत असतं. तो परत आला तर वीज पोचतेय. आला नाही तर ॲपशी झटापट करण्यात अर्थ नाही, पायरी १, २, ३ याच क्रमाने पुन्हा बघा. माझ्या मते या सगळ्या उद्योगात या दिव्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

दिवा आहे, तरी उठत नाही? पायरी ३ मधली 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन' ओळ आणि फास्ट स्टार्टअप. इंटेलच्या कार्डावर 'पॉवर ऑफ स्टेट' मधून जागं करण्याची वेगळी खूण असते, ती.

लगेच उठला म्हणून खूश होऊ नका. रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा तपासा.

पायरी ७: घराबाहेरून

इथे बहुतेक जुने लेख सांगतात की राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून आलेलं पॅकेट घरातल्या यंत्राकडे वळवा. मी सांगेन, करू नका, आणि त्याची कारणं आहेत.

एक तर आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही. शेकडो ग्राहक मिळून एक वापरतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा 'माझा आयपी काय' दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच दिसत असेल, तर बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत वाटच नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मिळतो, पण एवढ्यासाठी तो घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दुसरं म्हणजे घरगुती राउटर बाहेरून आलेलं पॅकेट 'सगळ्यांना' वाटू देत नाहीत. मग लोक ते थेट कॉम्प्युटरच्या आयपीवर पाठवतात. बंद केल्याकेल्या ते चालतं, अर्ध्या तासाने चालत नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो. कारण असं की कोणता आयपी कोणत्या मॅक ॲड्रेसचा ही नोंद राउटर थोडाच वेळ ठेवतो. कॉम्प्युटर गप्प झाला की नोंद पुसली जाते आणि पॅकेट कोणाला द्यायचं ते त्याला कळत नाही.

त्यापेक्षा घरात कायम चालू राहणारं एक यंत्र ठेवा आणि पॅकेट त्याच्याकडून पाठवा. बाहेरून तुम्ही फक्त त्या यंत्रापर्यंत पोचायचं. पर्याय असे:

1. राउटरच. असूसच्या बऱ्याच राउटरांत 'नेटवर्क टूल्स' मध्ये वेक-ऑन-लॅनचं पान असतं. मायक्रोटिक आणि ओपनडब्ल्यूआरटीवरही सोय आहे. राउटरवर व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) असेल आणि सार्वजनिक आयपीही असेल तर आणखी काहीच विकत घ्यायला नको.
2. रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर. मी हेच वापरतो. सगळ्यात छोटा 'झीरो २ डब्ल्यू' पुरतो, वायफायवर असला तरी चालतं, आणि वीज नगण्य. त्यावर टेलस्केल (आपली यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं व्हीपीएन) टाका, मोबाइलवरही टाका. सामायिक आयपीची अडचण त्याने सुटते. मग एसएसएचने (लांबून कमांड द्यायच्या सोयीने) पायवर शिरून 'वेकऑनलॅन' ही कमांड मॅक ॲड्रेससकट द्यायची. दर वेळी कमांड नको असेल तर 'अपस्नॅप' नावाचं छोटं सॉफ्टवेअर पायवर बसवा, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बटण मिळतं. घरात होम असिस्टंट (स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर त्यातही ही सोय आहे.
3. जुना अँड्रॉइड मोबाइल. घरच्या वायफायवर ठेवलेला, त्यावर वेकचं ॲप आणि लांबून स्क्रीन चालवायचं ॲप. तात्पुरतं ठीक. कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते, म्हणून कायमची सोय म्हणून याकडे बघू नका.

टेलस्केलबद्दल एक खुलासा. मोबाइलवर टेलस्केल चालू केलं आणि वेकचं ॲप थेट तिथूनच दाबलं तर काही होणार नाही. 'सगळ्यांना' पाठवलेलं पॅकेट अशा व्हीपीएनमधून पलीकडे जात नाही, सबनेट राउटर (टेलस्केलमधून घरचं सगळं नेटवर्क जोडायची सोय) लावला तरी नाही. पॅकेट निघालं पाहिजे ते घरातल्याच यंत्रातून.

पायरी ८: उठला, पुढे काय

उठलेला कॉम्प्युटर लॉगिनच्या पडद्यावर थांबतो. तिथून पुढे जायला रिमोट सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन करायच्या आधीपासून, चालू झालं पाहिजे. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप प्रो आवृत्तीत मिळतो. होम आवृत्ती दुसऱ्याला जोडू शकते, स्वतःवर जोडून घेऊ शकत नाही. होम असेल तर एनीडेस्क, रस्टडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट मात्र इंटरनेटवर कधीही उघडं टाकू नका, टेलस्केलमधूनच जोडा.

बायोसला पॉवर-ऑन पासवर्ड असेल, किंवा बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) सुरुवातीलाच पिन मागत असेल, तर कॉम्प्युटर उठून तिथेच थांबेल आणि लांबून तुम्हाला काहीच दिसणार नाही. सुरक्षेसाठी पिन लावली असेल तर ती काढू नका. अशा मशिनला हायबरनेटऐवजी स्लीपमध्ये ठेवणं बरं, कारण स्लीपमधून उठताना पिन मागितली जात नाही.

आणखी एक विचित्र प्रकार: लांबून उठवलेला कॉम्प्युटर दोन मिनिटांत पुन्हा झोपतो. लोकांना वाटतं बिघाड आहे. तसं नाही, माऊस-कीबोर्डला हात न लागता उठलेल्या कॉम्प्युटरसाठी विंडोजमध्ये वेगळी, लपवलेली वेळमर्यादा आहे, 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट', आणि ती मुळात दोन मिनिटांची असते. उठला की लगेच रिमोटने जोडलंत तर प्रश्न येत नाही. पाय किंवा दुसरं यंत्र फक्त त्यावरच्या फाइली वाचणार असेल तर ती वाढवावी लागते.

पायरी ९: लाइट गेली तर

स्लीपमध्ये असताना लाइट गेली की तो साध्या शटडाऊनपेक्षाही वाईट बंद होतो, उघड्या फाइली गेल्या. आणि लाइट परत आली तरी बऱ्याच मदरबोर्डांवर नेटवर्क कार्ड एकदा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत मॅजिक पॅकेट ऐकत नाही, कारण 'ऐकत राहा' ही सूचना त्याला विंडोज बंद होताना देतं आणि वीज गेल्यावर ती विसरली जाते. ज्या गावात दिवसाआड लाइट जाते तिथे वेक-ऑन-लॅन बेभरवशाचं वाटतं ते यामुळे.

दुसऱ्या पायरीत बघून ठेवलेली ओळ इथे लागते. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' 'पॉवर ऑन' वर ठेवा: लाइट आली की कॉम्प्युटर आपणहून चालू होईल, आणि विंडोजमध्ये अर्ध्या तासाने स्लीप लावलं असेल तर परत झोपेल, या वेळी कार्डाला सूचना देऊन. 'लास्ट स्टेट' ठेवू नका. बंद असताना लाइट गेली तर तो बंदच राहतो.

राउटर आणि पाय हे दोन्ही छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या. डेस्कटॉपला नसलं तरी चालेल, या दोघांना हवं. जीपॉन, म्हणजे फायबरचं कनेक्शन असेल तर फायबरचा डबा कधीकधी वेगळा असतो, त्याचीही वायर तिथेच. राउटर चालू आणि तो डबा बंद असं नेमकं होतं.

तरीही अडलं तर, लक्षणावरून

*आपोआपच उठतो.* 'वेक ऑन पॅटर्न मॅच' राहिलंय, किंवा 'फक्त मॅजिक पॅकेट' ची खूण. कोणी उठवलं ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतं: 'सिस्टिम' च्या नोंदींत 'पॉवर-ट्रबलशूटर' शोधा, त्यात 'वेक सोर्स' लिहिलेलं असतं. बरेचदा तिथे नेटवर्क कार्ड नसून माऊस सापडतो.

*कधी उठतो, कधी नाही.* या पॅकेटची पोच मिळत नाही, हरवलं तर हरवलं. ॲपमध्ये तीनदा पाठवायची सोय असेल तर ती लावा. वायर बदलून बघा. खराब वायर रोजच्या वापरात जेमतेम चालून जाते आणि इथे अडखळू शकते.

*पॅकेट पोचतंय का तेच कळत नाही.* डेस्कटॉप चालू ठेवा, त्यावर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, फिल्टरमध्ये 'डब्ल्यूओएल' ही तीन इंग्रजी अक्षरं टाका आणि मोबाइलवरून बटण दाबा. ओळ उमटली तर नेटवर्क ठीक आहे, दोष वीज किंवा विंडोजकडे. नाही उमटली तर पायरी ५. उमटलेल्या ओळीतला मॅक ॲड्रेस तुमच्याच कार्डाचा आहे ना, तेवढं अक्षरशः जुळवून बघा.

*मदरबोर्ड बदलला किंवा नवं लॅन कार्ड टाकलं.* मॅक ॲड्रेस बदलला. ॲपमध्ये, पायवर आणि राउटरच्या रिझर्व्हेशनमध्ये, तिन्हीकडे नवा टाका.